गिरणगावातला रविवार

सांगलीच्या माझ्या आत्याच्या हिशेबी मी अडीच वर्षं 'बँकेत' होते. तिचे यजमान जिल्हा बँकेत कॅशियर. कॅश जुळली की सायकल काढून साडेपाचला घरी, चहा, मग परसातल्या अळूला पाणी. त्यामुळे पहिल्या दिवाळीला मी गेले नाही तेव्हा तिने फोनवर विचारलं, "बँकेला लक्ष्मीपूजनाची सुट्टी नसते होय गं? तुझ्या मॅनेजरला सांग की, आत्या वाट बघतीय म्हणावं." मी तिला सांगत बसले की ही बँक वेगळी. इथे ठेवी घेत नाहीत, कर्ज देत नाहीत, पासबुक भरून देत नाहीत. "मग बँक कसली ती?" आत्या म्हणाली. तेव्हा मला हसू आलं होतं.

मी सीए. तेविसाव्या वर्षी लोअर परळच्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेत, अॅनालिस्ट या सर्वांत खालच्या पायरीवर लागले. बोनस धरून वर्षाला २४ लाख. बाबांना निवृत्त होतानाही याच्या निम्मा पगार नव्हता. बातमी पसरली आणि महिन्याभरात स्थळं सांगून यायला लागली; माझ्या बायोडेटात शिक्षणाच्या आधी पगार वाचणारे लोक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सव्वीस पूर्ण व्हायच्या आत मी ती नोकरी सोडली. आता चाकणला एका कारखान्याच्या फायनान्स विभागात १४ लाखांवर आहे.

सोडल्यावर दोन तऱ्हेची वाक्यं ऐकली. एक, "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत." दुसरं, "बरं केलंस, पैसा म्हणजे सगळं नव्हे." पहिल्याचा राग येतो, पण दुसरं मला अधिक चुकीचं वाटतं. पैसा मला हवाच होता. घराचं छप्पर बदलायचं होतं, धाकट्या भावाची फी होती, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होता. माझी तक्रार पैशाबद्दलचीच आहे. माझ्या रात्री फार स्वस्तात गेल्या.

हिशेब मांडते, तेवढंच मला येतं. माझा आठवडा सरासरी ९० तासांचा होता. मी एक्सेलमध्ये नोंद ठेवली होती, सवयच ती. वर्षाचे ५० आठवडे धरले तर ४,५०० तास. २४ लाखांना भागा: तासाला ५३३ रुपये. माझी आर्टिकलशिपची (सीए होताना करायच्या उमेदवारीची) मैत्रीण एका औषध कंपनीत १२ लाखांवर लागली होती, आठवड्याला ४५ तास. तिचेही भागून पाहा: ५३३ रुपये. म्हणजे मला दुप्पट पगाराची नोकरी लागलीच नव्हती. तिच्याच दराच्या दोन नोकऱ्या लागल्या होत्या, आणि वरच्या टप्प्याच्या आयकरामुळे हातात येणारा तासाचा दर तिच्यापेक्षा कमीच. ती मात्र मला 'तू काय बाई, बँकर' म्हणायची, आणि बिल मीच द्यायचे.

पण एवढे तास होतात कशाने? बाहेरच्यांना वाटतं, कामच तेवढं असतं. कोट्यवधींचे व्यवहार, रात्र-रात्र बसून डोकी चालवत असतील. आमचा दिवस असा असायचा. साडेदहाला पोहोचायचं. चारपर्यंत ईमेल, एखादं मॉडेल (कंपनीच्या किमतीचं एक्सेलमधलं गणित) अपडेट करणं, आणि वाट बघणं. ज्याला डेक, म्हणजे ग्राहकापुढे ठेवायचा स्लाइडचा गठ्ठा, दाखवायचा तो व्हाइस प्रेसिडेंट दिवसभर मीटिंगमध्ये. (व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे उपराष्ट्रपतींच्या थाटाचं कुणी नव्हे, तिशीतला थकलेला मुलगा. आमच्याकडे एका मजल्यावर तसे नऊ होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.) तो संध्याकाळी सातला जागेवर येणार, जेवण मागवणार, कारण आठनंतर थांबलं तर जेवण कंपनीच्या खात्यावर. मग डेक उघडणार. साडेनऊला लाल पेनाने लिहिलेल्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर यायचे: या कंपनीचा लोगो दोन मिलिमीटर खाली, हा तक्ता डावीकडे, पान १७ आणि १८ ची अदलाबदल, आणि ही जी तुलनेची कंपनी आहे ती काढ, तिचं मूल्यांकन फार कमी दिसतंय. रात्री दोनला मी डेक दुरुस्त करून पाठवायचे. सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये प्रवर्तक शेटजी पहिली दोन पानं उलटायचे आणि विचारायचे, "ते सगळं ठीक आहे. आकडा काय येतो ते सांगा."

आकडा, म्हणजे कंपनीची किंमत, तर आधीच ठरलेला असायचा. शेटजींच्या मनातला आकडा कळला की पुढच्या वीस वर्षांचा वाढीचा दर अर्धा टक्का इकडे, भांडवलाचा खर्च पाव टक्का तिकडे, आणि बरोबर त्याच आकड्याला पोहोचणारं गणित मी रात्रीतून जुळवून द्यायचे. शाळेत उत्तर मागे बघून गणित सोडवणाऱ्या मुलाला बाई पट्टी मारायच्या. इथे त्याला 'कन्व्हिक्शन', म्हणजे ठाम विश्वास, म्हणत. अडीच वर्षांत मी चाळीसेक पिचबुकांवर, म्हणजे व्यवहार मिळवण्यासाठीच्या डेकांवर, काम केलं. त्यांतले तीन व्यवहार झाले.

भ्रमनिरास झाला तो इथे, तासांच्या संख्येत नव्हे. नव्वदांतले तीस-पस्तीस तास खरं काम, बाकीचे वाट बघण्यात आणि फिरवाफिरवीत जातात, हे पहिल्या सहा महिन्यांत लक्षात आलं. आणि हा कुणाचा दुष्टपणा नव्हता. आमचा व्हाइस प्रेसिडेंट भला माणूस होता. आई आजारी असल्याचं कळलं तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून माझं विमानाचं तिकीट काढलं. पण दुपारी चारला अर्धा तास काढून तो डेक पाहणं आणि रात्री साडेनऊला पाहणं, यात कंपनीला खर्चाचा काडीचा फरक नव्हता. माझा पगार ठरलेला. शंभरावा तास फुकट. जे फुकट मिळतं ते कुणी जपून वापरत नाही. नळाला मीटर नसलेल्या चाळीत पाणी कसं वाहतं ते आठवा. अर्थशास्त्र कोळून प्यालेल्या, पैशापैशाचा सीमांत खर्च काढणाऱ्या माणसांच्या मजल्यावर सगळ्यांत बेहिशेबी उधळली जाणारी वस्तू म्हणजे चोविशीतल्या मुलांच्या रात्री.

आता याची दुसरी बाजू. त्या तीन व्यवहारांतला एक आयपीओ होता, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकायचे होते. सेबीकडे जाणाऱ्या मसुद्याची साडेचारशे पानं, वकिलांबरोबर 'जोखमीचे घटक' या प्रकरणातल्या एकेका विशेषणावर चाललेले वाद, आणि शेवटी शेअर बाजारात नोंदणीच्या दिवशी वाजलेली घंटा. त्या कंपनीचे संस्थापक, एका छोट्या गावातून आलेले गृहस्थ, घंटा वाजवताना रडले. मीही रडले. त्या आठवड्यात मी १०५ तास काम केलं होतं आणि एकाही तासाबद्दल माझी तक्रार नाही. ताळेबंद वाचायला मी तिथेच शिकले. खोटा नफा तिसऱ्या पानावर कुठे दबा धरून बसलेला असतो तेही. खऱ्या कामाला रात्र लागली तर लागू दे. सुगीत शेतकरी घड्याळ बघत नाही. पण वर्षाचे बावन्न आठवडे सुगी आहे असं सांगून कुणी राबवत असेल, तर त्याच्या शेताबद्दल शंका घ्यावी.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या १३ पहिल्या वर्षाच्या अॅनालिस्टनी आपसात पाहणी केली आणि ती, सवयीने, अगदी बँकेच्या स्लाइडच्या साच्यात मांडली: आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्री ५ तास झोप. त्यांची मागणी काय होती? आठवड्याला ८० तासांची मर्यादा. शनिवारी काम न देण्याचा जुना नियम नीट पाळू, असं वरून आश्वासन आलं. आणि त्याच ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाचा मूळ पगार १,१०,००० डॉलरपर्यंत वाढवला गेला. मुलांनी झोप मागितली, त्यांना पगार मिळाला. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांचे तास बहुतेक वेळा ८० च्या आत ठेवायचं ठरवलं, आणि जगभरच्या व्यापारी वृत्तपत्रांनी ती सुधारणा म्हणून छापली. ऐंशी तास!

आपल्याकडे तर आकडा वर नेण्याची चढाओढ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तासांचा सल्ला दिला, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. त्यावर विनोद भरपूर झाले. या जास्तीच्या तासांचा दर काय, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

दर कायद्यात लिहिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला. (दिवसाची मर्यादा नऊ तास होती, २०२५ मध्ये ती दहा करायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं.) मग माझ्या मैत्रिणीच्याच ५३३ च्या दराने माझा आठवडा मोजू. ४८ तास साध्या दराने, उरलेले ४२ दुप्पट. वर्षाचे होतात ३५ लाख २० हजार. म्हणजे ज्या पगारावरून माझी स्थळं ठरत होती, तो कायद्याच्या दरापेक्षा ११ लाखांनी कमी होता.

कायदा मग मला लागू का झाला नाही? कारण त्यात एक दार मागे उघडं आहे: गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या माणसाला तो लागू नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितांतही व्यवस्थापकीय काम करणारे, आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगारावर पर्यवेक्षकाचं काम करणारे, 'कामगार' या व्याख्येच्या बाहेर आहेत. मी कुणाचं पर्यवेक्षण करत होते? माझ्या हाताखाली एक लॅपटॉप होता, आणि तोही माझं ऐकत नसे. पदाच्या नावावर न जाता प्रत्यक्ष काम काय करता ते बघायचं, असं आपली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. त्या हिशेबाने अॅनालिस्टची बाजू लंगडी नाही. पण तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा जॉइनिंग बोनस, आणि पुढची नोकरी देणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. अशात कोणता चोवीस वर्षांचा मुलगा कामगार आयुक्तांच्या दारात अर्ज घेऊन उभा राहील? 'मी कामगार आहे' असं म्हणायची तर आम्हाला लाजच वाटते. आम्ही 'प्रोफेशनल'. हा एक शब्द कंपनीला वर्षाला माणशी ११ लाख वाचवून देतो.

"तुला कुणी बांधून ठेवलं होतं का?" हा प्रश्न येणार, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. नव्हतं बांधलं. मी सोडू शकले, कारण माझ्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नव्हतं. सीए स्वस्तात होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने एमबीएसाठी पंचवीस लाखांचं कर्ज काढलं होतं. त्याची मर्जी आणि माझी मर्जी एका तराजूत तोलता येत नाही. आणि मर्जी म्हटली की मला आमच्या इमारतीच्या दारावरचे काका आठवतात. पहाटे तीनला गाडीची वाट बघत उभी असायचे तेव्हा ते खुर्ची पुढे करायचे. बारा तासांची ड्युटी, बदली माणूस आला नाही की चोवीस. माझ्या दीड दिवसाच्या पगारात त्यांचा महिना भागत असेल. त्यांच्यापुढे माझं रडगाणं किती टिकतं याची मला जाणीव आहे, आणि कामगार खात्याने आधी कुठे जावं असं विचारलं तर मी त्यांच्याच एजन्सीचा पत्ता देईन. पण गंमत अशी की त्यांच्या बारा तासांबद्दल विचारलं तर एजन्सी जे सांगते, तेच आमच्याबद्दल आमचा एचआर सांगायचा: लोक स्वखुशीने थांबतात.

पुण्यातली गोष्ट बहुतेकांना आठवत असेल. २०२४ च्या जुलैमध्ये एका मोठ्या लेखा संस्थेत चारच महिन्यांपूर्वी रुजू झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. सप्टेंबरात तिच्या आईचं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. कामाच्या ओझ्याबद्दल त्यात होतंच, पण अंत्यविधीला कार्यालयातलं कुणीही आलं नाही, हेही होतं. कामाच्या ताणाने मृत्यू झाल्याचं कंपनीने नाकारलं, आणि ते ठरवणारी मी कोण? मी धरून ठेवली ती दुसरीच बातमी. सरकारी कामगार अधिकारी त्या कार्यालयात पाहणीला गेले तेव्हा त्यांना आढळलं की दुकाने व आस्थापना कायद्याखाली कार्यालयाची नोंदणीच नव्हती. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेला असतो, तो दाखला. हजारो कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या घराण्याकडे तो नव्हता, आणि एक मुलगी जाईपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं.

लोअर परळला ऑफिसच्या खिडकीतून एका जुन्या गिरणीची चिमणी दिसायची. आवारात आता रेस्टॉरंट आहेत. नवं कुणी आलं की आम्ही चिमणी दाखवायचो, 'हेरिटेज' म्हणून. त्याच गिरणगावात नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस फिरला होता. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चा संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. मागण्या साध्या होत्या: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, उजाडण्याआधी आणि मावळल्यानंतर काम नको. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवार कबूल केला. पुढच्याच वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यात आली.

उजाडल्यापासून मावळेपर्यंत मुंबईत सरासरी बारा तास. सहा दिवसांचे ७२. लोखंड्यांनी मागितलेला गिरणीचा आठवडा, दुपारची विश्रांती धरूनही, ७२ तासांचा होता. जेपी मॉर्गनची २०२४ मधली सुधारणा ८० तासांची आहे. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, कारण अंधार पडल्यावर काम थांबवायला आता कारण उरलं नव्हतं. आमच्या खिशातला फोन म्हणजे तोच दिवा.

मालकांची तेव्हाची बाजूही वाचण्यासारखी आहे: कामगार गावाकडून कमवायलाच येतो, त्याला जास्त तास हवेच असतात, स्पर्धा परदेशाशी आहे. आमच्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, हेच ऐकवलं जायचं, फक्त प्रोजेक्टरवर.

ऑफिस सुटल्यावर फोन न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. मला त्याबद्दल आदर आहे, आशा फारशी नाही. संसदेने शेवटचं खासगी विधेयक मंजूर केलं ते १९७० मध्ये. शिवाय फोन न घेण्याचा हक्क मिळाला तरी जो घेईल त्यालाच बढती मिळणार. मला हक्कापेक्षा मीटर हवं आहे. ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही त्याला पर्यवेक्षक म्हणता येणार नाही, पगार कितीही असो, एवढी एक ओळ कायद्यात घाला. आत-बाहेर करताना दारावर कार्ड लावावंच लागतं, ती नोंद कंपनीकडे सेकंदासकट असते. तीच तासांची नोंदवही धरा. आणि ४८ च्या वरच्या तासाला दुप्पट दर लावा. बंदी नको. आयपीओच्या आठवड्यात १०५ तास लागले तर लागू देत, बिल फाडा. जिथे एका कपाच्या कॉफीचाही खर्च कोणत्या व्यवहाराच्या खात्यावर टाकायचा ते ठरतं, तिथे रात्रीच्या तासाला किंमत लागली की लाल पेनाचे फोटो दुपारी चारला यायला लागतील. लोगो दोन मिलिमीटर वर असला तरी चालेल, असंही लक्षात येईल. काही नोकऱ्या निम्म्या पगाराच्या दोन होतील. माझी त्याला हरकत नसती.

मी नोकरी का सोडली, हे माझ्या जुन्या कंपनीच्या नोंदींत कुठे सापडणार नाही. शेवटच्या दिवशी एचआरने लॅपटॉपवर एक फॉर्म उघडून दिला. 'नोकरी सोडण्याचं कारण' या रकान्यात पाचच पर्याय होते: उच्च शिक्षण, चांगली संधी, विवाह, स्थलांतर, वैयक्तिक. लिहायला मोकळी जागा नव्हती. खाली गाडी थांबली होती, मी 'वैयक्तिक' निवडलं. आमच्या बॅचचे आम्ही अकरा जण होतो, त्यातल्या सात जणांनी तीन वर्षांच्या आत सोडली. मी मुद्दाम फोन करून विचारलं. सातही जणांनी तेच निवडलं होतं.